नाममुद्रा आणि निनावीपण : उद्धरणाच्या नीतीचा एक इतिहास

समीक्षेच्या व्यवहारात उद्धरणाइतकी निर्विवाद मानली गेलेली दुसरी कृती क्वचितच असेल. समीक्षक संहितेतील ओळी जशाच्या तशा देतो, त्यांत काना-मात्रेचाही फरक करीत नाही आणि ह्या काटेकोरपणालाच आपण त्याचा प्रामाणिकपणा समजतो. संहिता छापील असते, तिचा लेखक ज्ञात असतो आणि आपल्या ओळी उद्धृत व्हाव्यात हीच त्याची इच्छा असते, अशी तीन गृहीतके ह्या समजुतीच्या मुळाशी आहेत. महाजालावर एकमेकांशी बोलणाऱ्या समूहांचा अभ्यास समाजशास्त्राबरोबरच भाषा-साहित्याच्या विभागांतूनही होऊ लागला, तेव्हापासून ही तिन्ही गृहीतके डळमळली आहेत. अशा समूहातील एखादे वाक्य प्रबंधात जसेच्या तसे दिले आणि बोलणाऱ्याचे नाव गाळले, तरी ते वाक्य शोधयंत्रात टाकताच ते कोणी, केव्हा आणि कोणाला उद्देशून लिहिले हे क्षणात उघड होते. वाक्य हेच नाव होऊन बसते. ज्या काटेकोरपणाला आपण प्रामाणिकपणा म्हणत होतो, तोच येथे एखाद्याला उघडे पाडण्याचे साधन ठरतो.

ह्यावर नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, जे उघड्यावर लिहिले आहे ते सार्वजनिक आहे. जे सार्वजनिक आहे त्याचा अभ्यास करण्यास कोणाची परवानगी घेण्याचे कारण नाही. हे उत्तर महाजालाबरोबर जन्मलेले नाही, हे येथे दाखवावयाचे आहे. कानांवर पडणारे बोलणे कोणाच्याही मालकीचे नसते ही धारणा आपल्याकडे लोकसाहित्याच्या आणि बोलींच्या अभ्यासात घडली आणि तिच्या जडणघडणीचा काही भाग तर ज्याला आपण आज मुंबईचे उपनगर म्हणतो त्या साष्टी बेटाशी निगडित आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी अंधेरी, मालाड, बोरिवली ही ठाणे जिल्ह्यातील गावे होती. मुंबई उपनगर हा स्वतंत्र जिल्हा १९२० साली झाला. ग्रीअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ह्या किनाऱ्यावरील बोलींचे नमुने त्यात समाविष्ट झाले. नमुना गोळा करण्याची रीत ठरलेली होती. बायबलमधील उधळ्या पुत्राची कथा त्या त्या बोलीत सांगवून घ्यावयाची, जोडीला स्थानिक गद्य-पद्याचा एखादा उतारा आणि शब्दांची एक ठराविक यादी मिळवावयाची. तुलनेसाठी ही रीत सोयीची होती यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम लक्षात घेण्यासारखा आहे. सांगणाऱ्या माणसाला जे म्हणावयाचे आहे ते ह्या मुख्य नमुन्यात येतच नाही. कथा दुसऱ्याची, प्रसंग दुसऱ्याचा, सांगणाऱ्याचा केवळ उच्चार आणि प्रत्यय. बोली नोंदली गेली, बोलणारा मात्र नोंदीबाहेर राहिला. एका अर्थी त्याला इजा होण्याचा संभवही टळला, कारण त्याचे स्वतःचे असे काही घेतलेच नव्हते! पुढच्या काळातील संशोधकाला मात्र माणसाचे स्वतःचे बोलणेच हवे असते आणि प्रश्न तेथे सुरू होतो.

ह्यानंतर दहा वर्षांनी, १९१५ मध्ये, एन्थोव्हेन यांनी संकलित केलेला कोकणच्या लोकसमजुतींविषयीचा ग्रंथ निघाला. त्यातील सामग्री मुळात जॅक्सन यांनी जमविलेली होती. हे तेच जॅक्सन, जे नाशिकचे जिल्हाधिकारी असताना १९०९ च्या डिसेंबरात मारले गेले. ग्रंथाच्या तळटीपा पाहिल्या तर माहितीचा स्रोत म्हणून वारंवार 'शाळामास्तर, अमुक गाव' एवढाच निर्देश आढळतो. नाव मास्तरांचेही नाही. त्यांचा हुद्दा आणि गाव तेवढे आहे. मास्तरांना ज्या म्हातारीने देवीच्या नवसाची हकीगत सांगितली, ज्या कोळ्याने समुद्राच्या पूजेचा विधी सांगितला, त्यांचा मागमूसही नाही. सरकारी शाळेतील मास्तरांनी विचारल्यावर 'सांगत नाही' असे म्हणण्याची सोय त्या म्हातारीला कितपत होती, हा प्रश्न त्या काळी कोणाला सुचणे अवघडच होते. लोकविद्येच्या आरंभीच्या ग्रंथांमागे प्रशासनाची यंत्रणा होती हे आता सर्वमान्य आहे. पण सत्तेचा हा संबंध तळटीपेच्या रूपातून किती साध्या, निरुपद्रवी वाटणाऱ्या पद्धतीने रूढ झाला, ते पाहणे अधिक उद्बोधक आहे. माहितीला गाव असते, नाव नसते, ही शिस्त आपण तेथून उचलली.

ही शिस्त मराठी अभ्यासकांना परकी वाटली नाही, ह्याचे कारण आपल्या वाङ्मयपरंपरेतच शोधावे लागते. मध्ययुगीन मराठी पद्यात नाममुद्रेची प्रथा आहे. अभंगाच्या अखेरीस कवी स्वतःचे नाव गुंफतो. तुकोबांच्या गाथेतील बहुतेक अभंगांवर हा शिक्का आहे आणि जात्यावर दळणाऱ्या, दासी म्हणून राबणाऱ्या जनाबाईनेही तो आपल्या अभंगांवर उमटविला आहे. परंतु त्याच जात्यावर गायिलेली स्त्रियांची ओवी मुद्रेविना येते. तीत भावाचे नाव असते, लेकीचे असते, विठ्ठलाचे तर असतेच, गाणारीचे नसते. विसाव्या शतकातील संपादकांनी मुद्रेच्या ह्या अभावाचा अर्थ लावताना एक झेप घेतली. गाणारी स्वतःचे नाव घालीत नाही, म्हणजे ती स्वतःला कर्ती समजत नाही. ती कर्ती नाही, म्हणजे ओवी लोकांची. आणि लोकांची, म्हणजे कोणाचीच नाही. यातील पहिले विधान कदाचित खरे असेल, दुसरे वादग्रस्त आहे आणि तिसरे तर त्यातून निघतच नाही. तरीही अवघे संकलनकार्य ह्या तिसऱ्या विधानावर उभे राहिले. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्रीजीवन' सिद्ध केले ते अपार जिव्हाळ्याने. त्यातील मांडणी विषयवार आहे आणि कोणती ओवी कोणत्या बाईच्या तोंडची हे सांगण्याचा प्रघातच तेव्हा नव्हता. सरोजिनी बाबर यांच्या नेतृत्वाखाली लोकसाहित्य समितीने काढलेल्या संकलनांचे ऋण तर कोणीही नाकारणार नाही. पण ही ग्रंथसंपदा वाचताना 'महाराष्ट्रातील स्त्री' नावाची एकच प्रचंड गायिका आपल्यासमोर गात असल्याचा भास होतो आणि ती गायिका ही संपादनाची निर्मिती आहे.

ह्या प्रघाताला पहिला ठोस छेद पुण्याच्या एका संशोधन केंद्राच्या कामात मिळाला. हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हँ यांनी १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमविण्यास आरंभ केला. मुळशी खोऱ्यातील गरीब डोंगरी संघटनेचे कार्यकर्ते आणि त्या गावांतील स्त्रिया ह्या कामात संग्राहक म्हणून सहभागी होत्या. पुढे १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने ध्वनिमुद्रणेही झाली. एक लाखाहून अधिक ओव्या, हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक गायिका, असा त्या संग्रहाचा विस्तार आहे. पण प्रस्तुत चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे नोंदणीपत्रक. प्रत्येक ओवीपुढे गायिकेचे नाव आहे, तिचे गाव आहे. मुद्रा जी ओवीत नव्हती ती संग्राहकांनी ओवीबाहेर, परंतु ओवीला लगटून ठेवली. वरवर पाहता ही दप्तराची सुधारणा वाटेल. वस्तुतः तीमुळे संहितेचा प्रकार बदलला. नाव लागताच एका गावातील दोन जावांच्या ओव्यांतील फरक हा पाठभेद राहत नाही. तो दोन व्यक्तींच्या अनुभवांतील फरक होतो आणि समीक्षेला प्रथमच 'लोक' ह्या सामूहिक नामाआड न दडता वाचावे लागते.

येथपर्यंतच्या इतिहासातून कोणी असा निष्कर्ष काढील की, नाव देणे हा न्याय आणि नाव गाळणे हा अन्याय. मुंबईच्या उपनगरांतील दोन प्रकरणे एकमेकांशेजारी ठेवली तर ह्या निष्कर्षाची मर्यादा दिसते.

पहिले प्रकरण मुलुंड आणि घाटकोपरचे. शाहीर विलास घोगरे मुलुंडच्या झोपडवस्तीत राहत. आनंद पटवर्धन यांच्या 'हमारा शहर' (१९८५) ह्या अनुबोधपटात त्यांचे गाणे आहे. मुंबईतील झोपड्या पाडण्याच्या मोहिमांविषयीचा हा चित्रपट आपल्या विषयाच्या दृष्टीने आणखी एका कारणासाठी पाहावा. घर पाडले गेलेली एक स्त्री त्यात चित्रीकरण करणाऱ्यांनाच धारेवर धरते. आमची चित्रे नेऊन तुम्ही करणार काय, अशा आशयाचा तिचा संताप आहे. दिग्दर्शकाने तो प्रसंग कापला नाही. संमती म्हणजे सहीचा कागद असे समजणाऱ्यांनी ह्या प्रसंगाचा विचार करावा. तिने संमती दिली असे म्हणता येत नाही. पण तिचा नकार संहितेत शिल्लक राहिला आणि संहितेच्या कर्त्याविरुद्धचा साक्षीपुरावा म्हणून राहिला. आपल्या प्रबंधांत असे नकार कोठे नोंदलेले दिसतात? ज्यांनी बोलण्यास नाही म्हटले ते आकडेवारीतूनही गळतात.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याच्या विटंबनेनंतर जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. दहाजण मृत्युमुखी पडले. त्यानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या खोलीत आत्महत्या केली. पटवर्धनांनी तेव्हापासून चौदा वर्षे जे चित्रण केले त्यातून २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' तयार झाला. ह्या सर्व काळात घोगरे यांचे नाव गाळण्याचा विचार कोणी केला असता तर तो निव्वळ अपहार ठरला असता. शाहिराचा व्यवहारच मुळी नाममुद्रेचा आहे. तो चौकात उभा राहतो, जमलेल्यांना उद्देशून गातो, आपले म्हणणे आपल्या नावासकट पसरावे ही त्याची आकांक्षा असते. 'माहितगारांची ओळख गुप्त ठेवावी' हा संशोधनपद्धतीच्या पुस्तकांतील नियम येथे लावला तर शाहीर पुन्हा 'लोक' होतो, म्हणजे १९१५ च्या तळटीपेत परत जातो.

दुसरे प्रकरण मुलुंडपासून आगगाडीच्या वाटेने फारसे दूर नसलेल्या, पण वेगळ्याच जगातले. सांताक्रूझ पूर्वेच्या वाकोल्यात हमसफर ट्रस्ट ह्या १९९४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचे कार्यालय आहे. समलिंगी पुरुषांसाठी काम करणाऱ्या देशातील आरंभीच्या संस्थांपैकी ती एक. १५ ऑगस्ट १९९५ पासून भारतात महाजालाची सेवा सर्वसामान्यांना मिळू लागली आणि १९९८ मध्ये 'गे बॉम्बे' हा समूह महाजालावरील परस्परपत्रांतून आकाराला आला. आईवडिलांच्या एका खोलीत किंवा बायकामुलांच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या उपनगरवासी पुरुषाला स्वतःविषयी एक वाक्य उच्चारण्याची जागा शहराने दिली नव्हती. ती पडद्यावर मिळाली. ह्या समूहाचा अभ्यास परमेश शहानी यांनी केला. त्यावरील त्यांचे 'गे बॉम्बे' हे पुस्तक २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. संशोधक स्वतः त्या समूहातला. पडद्यावरचे बोलणे आणि प्रत्यक्षातील भेटीगाठी दोन्ही त्याच्या अभ्यासाचा विषय. आणि आत्मकथन हा अभ्यासाच्या पद्धतीचाच भाग. मुंबईतील महाजालीय समूहाचा असा दीर्घ आणि आतून केलेला अभ्यास तोवर झालेला नव्हता असे म्हणावयास हरकत नाही.

ज्या काळात हा समूह वाढला आणि अभ्यासला गेला, त्या काळात भारतीय दंडविधानाचे ३७७ वे कलम लागू होते. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते संकुचित केले, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये पूर्ववत केले आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते अखेर रद्दबातल ठरविले. म्हणजे १९९८ ते २००९ ह्या अवधीत त्या पत्रांतील एखादे वाक्य हे एकाच वेळी आत्माविष्कार, समाजशास्त्रीय सामग्री आणि गुन्ह्याचा कबुलीजबाब होते. जानेवारी २००६ मध्ये लखनौ येथे पोलिसांनी संकेतस्थळावरील ओळखीचा मार्ग वापरूनच चार पुरुषांना पकडले. संशोधक जे वाचीत होता तेच पोलीसही वाचीत होते.

साहित्यसिद्धान्ताला ह्या ठिकाणी काही सांगावयाचे आहे, आणि ते आपण अद्याप पुरेसे ऐकलेले नाही. बार्त यांनी लेखकाचा मृत्यू घोषित केला तो १९६७–६८ च्या सुमारास. मराठीत त्याची चर्चा विशेष उत्साहाने झाली. वाचक मुक्त झाला, अर्थ संहितेत नसून वाचनात घडतो, हे आपण अभ्यासक्रमांत शिकविले. फूको यांनी १९६९ मध्ये विचारलेला प्रश्न मात्र बाजूला पडला. संहितांना लेखक चिकटू लागला तो केव्हा? लेखकाला शिक्षा करता येऊ लागली तेव्हा, असे त्यांचे ऐतिहासिक उत्तर होते. लेखकत्व हे सन्मानाच्याही आधी दंडनीयतेचे नाव आहे. बार्त यांच्या वाचकाला चेहरा नाही, हुद्दा नाही. तो निखळ वाचक आहे. पण वाकोला, लखनौ किंवा पालघर येथील वाचकाला गणवेश असू शकतो. पालघरचा उल्लेख सहेतुक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये एका नेत्याच्या निधनानंतर पाळलेल्या बंदविषयी एका तरुणीने फेसबुकवर मत मांडले, दुसरीने त्यास पसंती दर्शविली. दोघींना अटक झाली. पसंतीची खूण ही काही संहिता नव्हे, तरीही तिला लेखक चिकटविण्यात आला. ज्या कायद्याच्या ६६–अ ह्या कलमाखाली हे घडले ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी घटनाबाह्य ठरविले. मधल्या काळात महाजालावरील मराठी बोलण्याचा जो कोणी अभ्यास करीत होता, त्याच्या प्रबंधातील प्रत्येक अवतरणाला हा संदर्भ होता. त्याला तो जाणवला असो वा नसो.

पाश्चात्त्य विद्यापीठांत ह्या प्रश्नाचा ऊहापोह १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सुरू झाला आणि महाजाल-संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००२ मध्ये आपली पहिली मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. त्याच वर्षी दोन परस्परविरोधी भूमिका मांडल्या गेल्या. एमी ब्रुकमन यांनी असे सुचविले की, महाजालावर लिहिणाऱ्यांकडे हौशी कलावंत म्हणून पाहावे. म्हणजे काहींना नावानिशी श्रेय द्यावे लागेल, काहींना झाकावे लागेल, आणि झाकण्याच्याही पायऱ्या असतील. बॅसेट आणि ओरिअर्डन यांनी तर मानवी व्यक्तींवरील संशोधनाचा वैद्यकीय नमुना येथे लावण्यासच हरकत घेतली. महाजाल हे संहितांचे प्रकाशनही आहे. ते सारे खाजगी मानून झाकू लागलो तर आधीच परिघावर असलेल्या समूहांची सांस्कृतिक निर्मिती आपणच अदृश्य करू, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. घोगरे यांचे उदाहरण त्याच्याच बाजूचे आहे. मात्र ज्या समाजात संहितेवरून माणसाला पकडता येते तेथे 'ही केवळ संहिता आहे' असे म्हणणे ही चैन आहे.

आपल्याकडे असा विचार झालाच नाही असे मात्र नव्हे. तो आरोग्याच्या क्षेत्रातून आला. 'सेहत' ह्या संशोधनसंस्थेच्या पुढाकाराने, घनश्याम शाह यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय समितीने, आरोग्यविषयक सामाजिक संशोधनाची नैतिक तत्त्वे २००० मध्ये प्रसिद्ध केली. ही संस्थाही वाकोल्यातलीच. एका उपनगराच्या दोन-चार गल्ल्यांत हा प्रश्न दोन बाजूंनी विचारला जात होता, हा योगायोग नोंदवून ठेवण्याजोगा आहे. ह्या तत्त्वांची चर्चा वैद्यक आणि समाजशास्त्र यांत झाली. साहित्याचे विभाग त्यापासून अलिप्त राहिले. आपण माणसांचा नव्हे, संहितांचा अभ्यास करतो ही आपली जुनी समजूत त्यास कारणीभूत असावी.

वास्तविक साहित्यविचारापाशी एक संकल्पना तयार होती. ईझर यांनी मांडलेला अभिप्रेत वाचक आपण कादंबरीच्या संदर्भात वापरतो. संहिता आपल्या रचनेतूनच एक वाचक कल्पिते, त्याला काही ठाऊक असल्याचे गृहीत धरते, काही त्याच्यापासून लपविते. महाजालावरील समूहात उमटलेल्या उक्तीलाही असा अभिप्रेत वाचक असतो. तो कोण, हे उक्तीच्या भाषेतूनच, तिच्यातील संबोधनांतून, अर्धवट सोडलेल्या वाक्यांतून, समूहापुरत्या विनोदांतून वाचता येते. दार उघडे असणे ही तांत्रिक बाब झाली. चाळीच्या गॅलरीत दोन शेजारणी बोलतात ते तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू जाते. म्हणून ते सभेतले भाषण होत नाही, आणि चाळीतल्या प्रत्येकाला हा फरक कळतो. हेलन निसेनबॉम यांनी २००४ मध्ये खाजगीपणाची व्याख्या करताना जे सांगितले, की माहिती ज्या संदर्भात दिली गेली त्या संदर्भाची मर्यादा तिच्याबरोबर प्रवास करते, ते आपल्या चाळींनी नुसते न ऐकल्यासारखे करून पाळले आहे. संशोधक हा बहुधा अभिप्रेत वाचक नसतो. तो नसताना वाचतो, एवढ्याने त्याचे वाचन निषिद्ध होत नाही; पण उद्धरण करताना तो त्या उक्तीला नवा वाचकवर्ग मिळवून देत असतो, आणि ह्या कृतीची जबाबदारी संहितेवर टाकता येत नाही.

मराठीच्या बाबतीत ह्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, आणि पाश्चात्त्य चर्चेत तो सापडत नाही. इंग्रजीच्या महासागरात एखादे साधे वाक्य लाखो वाक्यांत मिसळून जाते. मराठीतील लिखित महाजाल त्या मानाने लहान. लहान भाषेत लपावयास जागा थोडी. बोलींच्या बाबतीत तर ती नाहीच. वेसावे, मढ, गोराई येथील कोळी, किंवा मरोळ, कोंडिविटे, आंबोली अशा जुन्या गावठाणांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती ज्या मराठीत बोलतात तिच्यात गावागणिक भेद आहेत. अशा बोलीतले एक वाक्य जसेच्या तसे दिले, त्यातील क्रियापदाचा प्रत्यय आणि नात्याचा शब्द राहू दिला, की त्या गावच्या माणसाला गाव कळते, आणि विषय थोडा विशिष्ट असेल तर घरही कळते. ग्रीअर्सन यांच्या पाहणीत उधळ्या पुत्राच्या आड हा धोका झाकला गेला होता. आजच्या भाषाभ्यासकाला तो आडोसा नाही. त्याच्या अभ्यासाचे प्राणतत्त्व जो प्रत्यय, तोच ओळख पटविणारी खूण आहे.

ह्यावर अनेट मार्कम यांनी २०१२ मध्ये सुचविलेला उपाय धाडसी आहे. अनेकांच्या उक्ती एकत्र करून, बदलून, संशोधकाने त्यांची नवी रचना करावी. ही रचना म्हणजे लबाडी न मानता नैतिक पद्धत मानावी. समाजशास्त्राला ते चालेलही. साहित्याच्या अभ्यासकाला ते पचणे कठीण आहे, कारण त्याला नेमके शब्दच हवे असतात. मात्र अनुवाद ही अशीच एक पुनर्रचना आपण रोज करतो आणि तिच्या नैतिक उपयोगाकडे आपले लक्ष गेलेले नाही. उपनगरातील तरुण रोमन लिपीत, अर्धी हिंदी अर्धी इंग्रजी अशी जी मिश्र भाषा लिहितो ती प्रमाण मराठीत आणली की शोधयंत्राचा माग तुटतो. आशय पोहोचतो, माणूस झाकला जातो. किंमत अशी की, ज्या मिश्रभाषेसाठी तो उतारा निवडला तीच गमावते. माझ्या मते, जेथे इजेचा संभव आहे तेथे ही किंमत मोजावी, आणि मोजल्याचे प्रबंधात स्पष्ट लिहावे. जेथे तो नाही तेथे मोजू नये. अकारण झाकणे हेही एक प्रकारचे मुस्कटदाबीचेच रूप आहे.

टोपणनावांचा प्रश्न ह्याहून नाजूक. 'मायबोली' १९९६ पासून आणि 'मिसळपाव' २००७ पासून चालू झाले. तेथील कित्येक लेखक केवळ टोपणनावानेच परिचित आहेत. अशी नावे म्हणजे मुखवटे, म्हणून ती उद्धृत करण्यास हरकत नाही, असे मानण्याकडे कल दिसतो. मराठी वाङ्मयाच्या वाचकाने तरी असे मानू नये. केशवसुत किंवा गोविंदाग्रज ही नावे काही मागच्या माणसाला लपविण्यासाठी टिकली नाहीत. त्या नावांना स्वतःची पत आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांनी गद्य स्वतःच्या नावाने आणि कविता आरती प्रभू ह्या नावाने लिहिली. ही दोन नावे दोन वाङ्मयीन व्यक्ती आहेत. महाजालावरील एखादी स्त्री पाककृती एका नावाने लिहिते आणि संसारातील मारहाणीविषयी दुसऱ्या नावाने. तिचे कागदोपत्री नाव कोठेही न घेता, ही दोन्ही नावे एकाच बाईची आहेत एवढे शैलीच्या साम्यावरून दाखवून देणारा समीक्षक मोठी हुशारी दाखवितो, पण तिने कष्टाने उभी केलेली भिंत पाडतो. शैलीविज्ञानाला हे सामर्थ्य आहे, म्हणूनच ह्या बाबतीत त्याने स्वतःला आवर घालणे इष्ट.

कायद्याकडे पाहावे तर तो दोन दिशांनी ओढतो. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाचे ५७ वे कलम लेखकाला आपले कर्तेपण सांगण्याचा हक्क देते. त्यामागील भावना नाव द्या अशी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्यामागील भावना झाका अशी. २०२३ मध्ये संमत झालेल्या अंकीय वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने तर आपल्या प्रश्नाला बगल दिली. व्यक्तीने स्वतःहून सार्वजनिक केलेल्या वैयक्तिक माहितीला तो लागू होत नाही आणि संशोधनासाठीही त्यात अटींसह सूट आहे. म्हणजे 'उघड्यावर आहे ते सर्वांचे' ह्या जुन्या न्यायाला आता विधिमंडळाचीही मान्यता मिळाली. ज्या म्हातारीने मास्तरांना नवसाची हकीगत सांगितली तिनेही, ह्या व्याख्येप्रमाणे, ती स्वतःहूनच सांगितली होती.

जात्यावरच्या ओव्यांचा तो संग्रह २०१७ पासून 'पारी' ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहालयामार्फत महाजालावर येऊ लागला. ध्वनिमुद्रणे झाली तेव्हा गायिकांना फीत म्हणजे काय हे ठाऊक होते. महाजालाची कल्पना त्यांना असणे शक्य नव्हते, मुद्रण करणाऱ्यांनाही ती पुरती होती असे म्हणता येणार नाही. पॉयट्व्हँ २००४ मध्ये निवर्तले. पारीचे लोक मुळशी आणि इतर तालुक्यांतील गावांत पुन्हा गेले, हयात असलेल्या गायिकांना भेटले, त्यांच्याकडून ओव्या पुन्हा गाऊन घेतल्या, त्यांची छायाचित्रे आणि हकीगती ओव्यांबरोबर ठेवल्या. काहींनी वीस वर्षांपूर्वीचा स्वतःचा आवाज तेव्हा ऐकला. ज्या गायिका दरम्यान वारल्या त्यांच्या ओव्याही तेथे आहेत; खाली नाव आहे, गाव आहे. सासूने कसे छळले, नवऱ्याने कसे टाकले, हे सांगणाऱ्या ओव्यांखालीही आहे, आणि ती सासू किंवा तो नवरा कोण हे त्या गावात विचारावे लागत नाही.